वारशाने आलेल्या उरल्यासुरल्या लोकरीतून बाळाची टोपी आणि मोजे

आजी, आत्या किंवा मावशी विणणारी असली की तिच्यामागे घरात लोकरीची एक पिशवी उरतेच. कुठे ती बिस्किटांच्या गोल डब्यात असते, कुठे माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या साडीत बांधलेली. आत अर्ध्यामुर्ध्या गुंड्या, एखाद्या सुईवर तशीच राहिलेली स्वेटरची पाठ, दोन-तीन जोड सुया आणि नशीब असेल तर टाक्यांचे हिशेब लिहिलेली वही. ही लोकर टाकवत नाही आणि तिचं काय करावं तेही सुचत नाही. तेवढ्यात मोठ्या माणसाचं काही होत नाही, पण बाळाचं बरंच काही होतं. चार प्लायच्या, म्हणजे बारीक लोकरीत नवजात बाळाच्या मोज्यांचा जोड साधारण १० ग्रॅममध्ये होतो, टोपी १५ ते २० ग्रॅममध्ये आणि बिनबाह्यांची बंडी ४० ते ५० ग्रॅममध्ये.

एरवी आपण आधी नमुना ठरवतो आणि मग तेवढी लोकर विकत आणतो. इथे हा क्रम उलटा करायचा. आधी हातात काय आहे, किती आहे, बाळाच्या अंगाला चालण्यासारखं आहे का हे बघायचं आणि त्यातून काय होतं ते मग ठरवायचं. नवशिके हे बघणं टाळून थेट टाके घालायला बसतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिले काही दिवस सुया बाजूलाच ठेवा.

पिशवी उघडल्यावर

सगळा ऐवज उन्हात जुन्या चादरीवर पसरा आणि गुंडी-गुंडी हातात घेऊन बघा. कसर लागलेली लोकर ओळखता येते. धागा जागोजागी तुटलेला असतो, गुंडीच्या आत वाळूसारखे बारीक कण किंवा पांढरट जाळं दिसतं. एखाददुसरीच गुंडी अशी असेल तर सरळ टाकून द्या. बाकीची लोकर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. तिचा गारवा पूर्ण गेल्यावर उघडा आणि झटकून ऊन दाखवा. कसर खऱ्या लोकरीला लागते, स्वच्छ अ‍ॅक्रिलिक ती खात नाही.

आता डांबरगोळ्या. आपल्याकडे ट्रंकेत लोकर ठेवली म्हणजे गोळ्या टाकलेल्या असतातच, आणि बाळासाठी विणताना मला सगळ्यांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅप्थलीनचा वास भिनलेले कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. बाळाला हा त्रास आहे की नाही हे घरच्यांना बहुधा ठाऊकही नसतं. म्हणून अशी लोकर बरेच दिवस उघड्या हवेत पसरून ठेवा, धुवा आणि पुन्हा पसरा. मग नाक अगदी जवळ नेऊन वास घ्या. जरासाही वास आला तरी ती नवजात बाळासाठी वापरू नका. तिचा बाहुलीचा स्वेटर करा, चष्म्याचं घर करा.

ही लोकर कसली आहे?

गुंडीवर लेबल असेल तर काम सोपं. लुधियानाच्या वर्धमान किंवा ओसवालच्या जुन्या लेबलांवर धागा कशाचा आहे हे लिहिलेलं सापडतं. पण उरलेल्या गुंडीला लेबल बहुतेक नसतंच. मग बोटभर धागा तोडा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली आणि बाजूला पाणी ठेवा आणि टोकाला काडी लावा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की बहुधा विझते आणि मागे उरलेली काळी राख बोटांत चुरडते. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. सुती धागा कागदासारखा वास देतो आणि त्याची राख करडी, भुरभुरीत असते.

हे कळायला हवं, कारण गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खरी लोकर आटते आणि घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकाच टोपीत आडव्या पट्ट्यांनी लावलीत तर काही धुण्यांनंतर लोकरीची पट्टी आवळून बसेल. एका कपड्यात एकाच जातीचा धागा ठेवा. मात्र आग जवळ आल्यास खरी लोकर अ‍ॅक्रिलिकपेक्षा पुष्कळ सुरक्षित, कारण ती वितळून कातडीला चिकटत नाही.

आणखी दोन परीक्षा. वीतभर धागा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो जुनाट झाला आहे, त्याच्यावर मेहनत घेऊ नका. दुसरी परीक्षा रंगाची. जुना मरून, लाल आणि गडद निळा फार दगा देतात. ओला धागा पांढऱ्या रुमालात गुंडाळून मुठीत दाबून ठेवा. रुमालाला डाग लागला तर तो रंग पांढऱ्याच्या शेजारी लावायचा नाही. शिवाय बाळ टोपीची कड चोखतं, मोजा तोंडात घालतं. म्हणून रंग सोडणारी लोकर मी बाळासाठी घेतच नाही.

अर्धवट राहिलेलं उसवताना

सुईवर राहिलेली ती पाठ उसवायला हात धजत नाही, हे मी अनेकींकडून ऐकलं आहे आणि ते मला अगदी पटतं. ते विणकाम जसंच्या तसं ठेवावंसं वाटत असेल तर ठेवा. उसवायचं ठरवलंत तर आधी फोटो काढा, ओळीत किती टाके होते ते मोजून लिहा. पुढे हा हिशेब उपयोगी पडतो, कारण त्याच सुयांवर त्याच लोकरीत आधी विणणारीच्या हाताला किती टाके बसत होते हे त्यातून कळतं.

तयार स्वेटर असेल तर आधी शिवणी सोडवा. बंद केलेल्या टाक्यांच्या, म्हणजे विणकाम जिथे संपवलं त्या कडेकडून उसवायला सुरुवात करा, म्हणजे धागा सळसळत निघतो. सुरुवातीच्या कडेकडून निघत नाही, अडकत राहतो. बाजारी स्वेटरचे तुकडे कापून मशिनवर शिवलेले असतील तर नाद सोडा, हातात नुसते वीतभर धागे येतील.

उसवलेला धागा वळ्यावळ्यांचा असतो. तसाच विणला तर टाके लहानमोठे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करा, सुती दोऱ्याने चार जागी सैल बांधा आणि कोमट पाण्यात थोडा शाम्पू किंवा रिठ्याचं पाणी घालून वीस मिनिटं भिजत ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. स्वच्छ पाण्यातून काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत टांगा. वाळली की वळ्या बहुतेक गेलेल्या असतात. गुंडी करताना धागा ताणू नका. दोन बोटं मध्ये ठेवून त्यांच्यावरून गुंडाळा आणि अधूनमधून बोटं काढून घेत जा, म्हणजे गुंडी सैल राहते.

वजन आणि जाडी

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक गुंडी तोला. चिठ्ठीवर लिहा: रंग, ग्रॅम, लोकर की अ‍ॅक्रिलिक. ती चिठ्ठी धाग्याच्याच टोकाला बांधा. जाडीसाठी धागा फूटपट्टीवर एका इंचात शेजारी शेजारी गुंडाळा, ओढायचा नाही आणि वेढे एकमेकांवर चढवायचे नाहीत. साधारण १४ ते १८ वेढे बसले तर तो तीन-चार प्लायचा बारीक धागा समजा, ११-१२ बसले तर मध्यम, त्याहून कमी तर जाड. एका कपड्यात सारख्या वेढ्यांचे धागे घ्यायचे. दोन फार बारीक धागे एकत्र धरून विणले तर एक मध्यम धागा मिळतो. त्यातून दोन रंगांची छान भुरकी येते.

पट्ट्यांचा हिशेब करायला एक अंदाज पुरतो. साध्या विणीच्या एका ओळीला ओळीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो आणि टाके बंद करायला चौपट. ३४ सेंटिमीटर रुंद टोपीच्या एका ओळीला एक मीटरहून थोडा जास्त. गुंडी संपत आली की ओळ सुरू करण्याआधी धागा मोजून बघा, मध्येच जोड देण्याची वेळ येत नाही. मोजे विणताना रंगाची गुंडी काट्यावर आधीच निम्मी-निम्मी करून ठेवा. दुसऱ्या मोज्याला लोकर कमी पडणं ही या कामातली नेहमीची अडचण आहे.

सुया आणि हात बसवणं

जुन्या सुयांवर आकडे जुन्या पद्धतीचे असतात. त्यात आकडा मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५. हल्ली दुकानात मिलिमीटर सांगतात, म्हणून हे माहीत हवं. निलगिरीतल्या केट्टी गावात तयार होणाऱ्या पोनी कंपनीच्या सुया आपल्याकडे अनेक घरांत सापडतात. सुई वाकलेली असेल किंवा टोक खरखरीत असेल तर ती बाजूला ठेवा, धागा अडकतो. आजीच्या वहीत 'पहिली सुई सुलट' असं लिहिलेलं दिसेल. तिथे सुई म्हणजे ओळ.

ज्यांनी कधीच विणलं नाही त्यांनी सरावाला फिक्या रंगाची, जरा जाड लोकर आणि ८ नंबरच्या सुया घ्याव्यात. गडद लोकरीत टाका डोळ्यांना दिसत नाही. टाके घालायला आणि शेवटी बंद करायला घरातल्या कुणाकडून तरी शिकून घ्या, ते पाहून दोन मिनिटांत येतं. सुलट टाका असा: धागा मागे, उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला, तिच्या टोकाभोवती धागा फिरवा, तो फास टाक्यातून पुढे ओढून घ्या आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. उलट टाक्याला धागा पुढे आणायचा, सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे पुढच्या बाजूने घालायची, धागा फिरवायचा आणि फास मागे ढकलून काढायचा. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्हीकडे सारखी खवलेदार पट्टी होते. एक ओळ सुलट, एक उलट केली की पुढे गुळगुळीत वीण येते. हात घट्ट असेल तर सरावाने सैल होतो, त्यासाठी वीतभर पट्टी विणून उसवण्याखेरीज उपाय नाही.

मग ज्या लोकरीतून टोपी करायची तिचा नमुना विणा: १० नंबरच्या सुया, ३२ टाके, एक ओळ सुलट, एक उलट, साधारण दहा सेंटिमीटर उंच. मधोमध पट्टी ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते मोजा. खाली दिलेले आकडे २८ टाक्यांचे आहेत. तुमचे २५ आले तर बारीक सुया घ्या, ३१ आले तर जाड. लोकर कमी आहे म्हणून हा नमुना टाळू नका, मोजून झाल्यावर तो उसवून तीच लोकर परत वापरता येते.

टोपी

जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो, तिसऱ्या महिन्यापर्यंत तो चाळिशीला येतो. टोपी ताणते, म्हणून ३४ सेंटिमीटरची केली की दोन्ही वयांना बसते.

सुयांवर ९६ टाके घाला. एक टाका सुलट, एक टाका उलट अशी बॉर्डर ३ सेंटिमीटर विणा. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण, सुरुवातीपासून ९ सेंटिमीटर होईपर्यंत. शेवटची ओळ उलट असू द्या.

आता टाके घटवायचे. १० सुलट, २ एकत्र (दोन टाके एकदम विणून एक करायचा), हे आठ वेळा. ८८ टाके उरतील. पुढची ओळ सगळी उलट. मग ९ सुलट, २ एकत्र, आठ वेळा. ८० उरतील. पुन्हा उलट ओळ. असंच दर सुलट ओळीला मधला आकडा एकने कमी करत जा. शेवटच्या सुलट ओळीत नुसते २ एकत्र, आठ वेळा, आणि सुईवर ८ टाके राहतात. धागा हातभर ठेवून तोडा, मोठ्या डोळ्याच्या बोथट सुईत ओवून त्या आठ टाक्यांतून काढा आणि आवळा. त्याच धाग्याने मागची शिवण घाला. उंची पंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरते.

तुमच्या लोकरीला वेगळे टाके बसत असतील तर एका सेंटिमीटरमधले टाके गुणिले ३४ करा आणि जवळचा आठाच्या पटीतला आकडा घ्या. म्हणजे घटवण्याची रीत तीच राहते. टोपीला गळ्याखाली बांधायचा बंद लावू नका, आणि बाळ घरात झोपलेलं असताना टोपी काढून ठेवायला सांगा. लहान बाळांच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यावाटे निघते आणि झोपेत अंग तापणं त्यांना चांगलं नसतं. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे बाहेर नेताना ती हवीच, पण मुंबईत वर्षाकाठी मोजकेच दिवस लागेल, तेव्हा मुंबईकर बाळाला बारीक लोकरीची करा.

मोजे

हा मोजा एकाच तुकड्यात होतो आणि तळवा, पाऊल, घोटा अशा तीन रंगांत करता येतो. उरलेल्या लोकरीला याच्यासारखा नमुना नाही.

१० नंबरच्या सुयांवर ४२ टाके घाला आणि २४ ओळी सगळ्या सुलट विणा. पहिल्या १० ओळी तळव्याच्या रंगात, पुढच्या १४ पावलाच्या रंगात. ही पट्टी मधोमध दुमडली की तिचा मध्य बोटांच्या जागी येतो.

आता मधल्या ८ टाक्यांची वरची जीभ करायची. २४ सुलट, २ एकत्र, आणि ओळ तिथेच सोडून काम वळवा. डाव्या सुईवर १६ टाके तसेच राहिलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. वळवल्यावर ७ सुलट, २ एकत्र, पुन्हा वळवा. पुन्हा ७ सुलट, २ एकत्र, वळवा. दर ओळीला जीभ बाजूचा एक टाका खात पुढे सरकते. पहिली ओळ धरून अशा १६ ओळी झाल्या की दोन्हीकडे ९-९ आणि मध्ये ८, असे २६ टाके उरले पाहिजेत. पहिल्यांदा करताना हे सगळं चुकल्यासारखं वाटतं, सुईवर मध्येच खिंड पडलेली दिसते. विणत राहा, पाचव्या-सहाव्या ओळीला पावलाचा आकार दिसायला लागतो.

सोळावी ओळ संपवून वळवलं की समोरचे १७ टाके सुलट विणून टोक गाठा. आता घोट्याचा रंग लावा, २६ टाक्यांवर एक सुलट, एक उलट अशी वीण ५ सेंटिमीटर करा आणि टाके अगदी सैल हाताने बंद करा. ही कड घट्ट झाली तर बाळाच्या पायावर वळ उठतो. सैल करायला जमत नसेल तर बंद करताना उजव्या हातात ८ नंबरची सुई घ्या. तळवा आणि मागची बाजू शिवा. शिवण चपटी घाला, कडेचे टाके नुसते समोरासमोर आणून, म्हणजे टाचेखाली कंगोरा येत नाही.

गाठी, टोकं आणि रंग

बाळाच्या कपड्यात गाठ नको, विशेषतः कपाळावर आणि तळव्याला. नवा रंग ओळीच्या सुरुवातीलाच लावा, दोन्ही टोकं वीतभर ठेवा आणि शेवटी बोथट सुईने उलट्या बाजूने पाच-सहा टाक्यांतून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवा. खऱ्या लोकरीला जोड देण्याची एक सुंदर रीत आहे: दोन्ही टोकांचे पदर उकला, एकमेकांवर ठेवा, ओले करा आणि तळहातांत जोरात घासा. ते एकजीव होतात. अ‍ॅक्रिलिक असं जुळत नाही. मोज्याच्या आत लोंबणारा धागा ठेवू नका, त्यात बाळाचं बोट अडकून आवळलं जाऊ शकतं. घालण्याआधी आत बोट फिरवून बघा.

रंग जुळवताना माझी एक सवय आहे, ती सांगते. वारशाच्या रंगांना एकत्र बांधायला मी पांढऱ्या किंवा मोतिया रंगाची एकच नवी गुंडी विकत घेते आणि बॉर्डर तिची करते. शेंदरी, पोपटी, जांभळा असे एकमेकांशी भांडणारे तुकडेही मग एका घरातले दिसतात. जुन्या रंगाला जुळणारी नवी गुंडी शोधण्यात वेळ घालवू नका. त्याच शेडचा दुसऱ्या खेपेला रंगवलेला लॉटसुद्धा सारखा येत नाही, मग वीस वर्षांनी कुठून येणार? पट्ट्या दोन किंवा चार ओळींच्या ठेवा, म्हणजे आधीचा रंग कडेने वर नेता येतो आणि टोकं कमी होतात.

द्यायच्या आधी

तयार टोपी-मोजे एकदा धुवा आणि टॉवेलवर आडवे पसरून वाळवा. टांगलं की ताणतं. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, वीण मरते आणि पुन्हा फुलत नाही. बाळंतविड्यात किंवा बारशाला देताना सोबत छोटी चिठ्ठी ठेवा: धागा कसला आहे, पाणी गार की कोमट, मशिनमध्ये चालतं की नाही, आणि लोकर कुणाची होती. चुकून धागा निघालाच तर दुरुस्तीला त्याच रंगाचा मीटरभर धागा पुठ्ठ्यावर गुंडाळून चिठ्ठीला अडकवून द्या.